दंडाधिकारी न्यायालये, मुंबईतील

फौजदारी न्यायव्यवस्थेतील सर्वांत खालच्या पायरीवरील न्यायालये. संसद, उच्च न्यायालय इ. संस्थांशी सामान्य नागरिकाचा प्रत्यक्ष संबंध क्वचितच येतो. शासनाची त्याच्याशी गाठ पडते ती पोलीस ठाण्यात व त्यानंतर दंडाधिकाऱ्यापुढे. मुंबईत ही न्यायालये निरनिराळ्या भागांत विखुरलेली असून परळ–नायगाव परिसरातील भोईवाडा न्यायालय हे त्यांपैकी एक होय. भोईवाडा हे नाव भोई समाजाच्या वस्तीवरून पडले. भुलेश्वराजवळही याच नावाची वस्ती असल्याने नवख्याचा घोटाळा होतो. परळचा भोईवाडा गिरणगावात मोडतो, के. ई. एम. व टाटा स्मारक ही रुग्णालये आणि नायगावच्या बी. डी. डी. चाळी त्याच्या आसपास आहेत. कोकण व घाट या भागांतून आलेल्या कामगारांच्या कित्येक पिढ्यांनी सरकार पाहिले ते येथेच.

ब्रिटिशांनी मुंबईत पहिले न्यायालय १६७२ मध्ये गव्हर्नर जेरल्ड आँजिअर याच्या कारकीर्दीत स्थापन केले. उच्च न्यायालय १८६२ मध्ये सुरू झाले. शहरातील दंडाधिकाऱ्यांना प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेट म्हणत आणि त्यांचे अधिकार जिल्ह्यांतील दंडाधिकाऱ्यांहून वेगळे होते. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेप्रमाणे त्यांना विस्तृत निकालपत्र लिहिण्याऐवजी खटल्याचा ठराविक तपशील तेवढा नोंदविण्याची मुभा होती. त्यांनी दिलेली शिक्षा सहा महिन्यांहून अधिक कारावासाची किंवा दोनशे रुपयांहून अधिक दंडाची असेल, तरच आरोपीस अपील करता येई. पाच महिन्यांच्या शिक्षेने कामगाराची नोकरी जाई आणि खोलीचे भाडे थके. कायद्याच्या दृष्टीने मात्र ही बाब अपिलाच्या योग्यतेची नव्हती. १९७३ च्या नव्या संहितेने ही मर्यादा तीन महिन्यांवर आणली व १ एप्रिल १९७४ पासून प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेटच्या जागी महानगर दंडाधिकारी आले. १ जुलै २०२४ रोजी अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने महानगर दंडाधिकारी हा वर्गच रद्द केला. त्यांच्यापुरती असलेली ही अपिलाची मर्यादाही त्याबरोबर गेली.

दैनंदिन कामकाजात सर्वाधिक महत्त्वाचा प्रश्न जामिनाचा असतो. १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्य टिळकांना दंडाधिकाऱ्याने जामीन नाकारला, तो पुढे उच्च न्यायालयात न्या. बद्रुद्दीन तय्यबजी यांनी मंजूर केला. टिळकांसाठी उभे राहणारे जामीनदार शहरात होते. गिरणी कामगाराची अडचण निराळी होती : त्याची जमीन रत्नागिरीत वा साताऱ्यात, भाऊबंद गावी, आणि मुंबईत त्याच्या नावावर काहीच नाही. जामीन मिळूनही तो कोठडीतच राही. मोतीराम खटल्यात (१९७८) सर्वोच्च न्यायालयापुढे हाच प्रश्न आला. मध्य प्रदेशातील एका गवंड्याकडे दंडाधिकाऱ्याने १०,००० रुपयांचा जामीन मागितला व जामीनदार म्हणून उभा राहिलेला भाऊ दुसऱ्या जिल्ह्यातील म्हणून नाकारला. न्या. कृष्ण अय्यर यांनी ही अट अन्याय्य ठरविली. २००५ मधील दुरुस्तीनुसार जामीनपात्र गुन्ह्यात अटकेपासून एका आठवड्याच्या आत जामीनदार देऊ न शकणारी व्यक्ती निर्धन समजून तिला जातमुचलक्यावर सोडणे आवश्यक झाले. तरीही जामीनदाराच्या ऐपतीचे कागद जमविण्यात घरच्या माणसांचे दिवस जातात, ही वस्तुस्थिती आहे.

अटक झालेल्या व्यक्तीचे मूळ हक्क संविधानाच्या २२ व्या अनुच्छेदात आहेत. अटकेचे कारण तिला कळविले पाहिजे. पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ दिला पाहिजे. आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत तिला नजीकच्या दंडाधिकाऱ्यापुढे हजर केले पाहिजे. हे हक्क १९५० पासून लिखित असले, तरी ज्याला ते ठाऊक नाहीत त्याच्या दृष्टीने ते नसल्यासारखेच. मुंबईतील एका प्रकरणाने ही उणीव उघड केली. पत्रकार शीला बारसे यांनी मे १९८२ मध्ये मुंबई मध्यवर्ती कारागृहातील पंधरा स्त्री-कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांपैकी पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयास लिहिलेले पत्रच याचिका म्हणून स्वीकारण्यात आले. १५ फेब्रुवारी १९८३ च्या निर्णयात न्या. भगवती यांनी स्त्रियांसाठी स्वतंत्र कोठड्या व तेथे स्त्री-पोलिसांचा पहारा यांविषयी आदेश दिले. अटक होताच पोलिसांनी नजीकच्या विधिसाहाय्य समितीस कळवावे, तसेच कोठडीत छळ झाला काय हे दंडाधिकाऱ्याने आरोपीस स्वतः विचारावे, असेही सांगितले. अटक झालेल्यांच्या हक्कांचे पत्रक मराठी, हिंदी व इंग्रजीत छापून प्रत्येक कोठडीत लावावे व आरोपीस ठाण्यात आणताच त्याला समजणाऱ्या भाषेत ते वाचून दाखवावे, हा त्यातील आदेश आज कमी आठवला जातो. वस्तुतः तोच सर्वांत मूलगामी होता. कारण निरक्षर माणसाच्या कानांपर्यंत कायदा पोहोचविण्याचे दायित्व त्याने ठाण्यावरच टाकले. दंडाधिकाऱ्यापुढे प्रथम हजर होताच वकिलाचा हक्क आरोपीस समजावून सांगणे हे दंडाधिकाऱ्याचे कर्तव्य होय, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कसाब खटल्यात पुन्हा बजावले.

गरिबास वकील मिळवून देण्याचे प्रयत्न मुंबईत तसे जुने आहेत. बाँबे लीगल एड सोसायटी १९२४ मध्ये स्थापन झाली आणि मुंबई सरकारने या प्रश्नावर १९४९ मध्ये समिती नेमली. विधिसाहाय्य हे राज्याचे कर्तव्य म्हणून संविधानात १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने आले. १९८७ चा विधिसेवा प्राधिकरण अधिनियम ९ नोव्हेंबर १९९५ पासून अंमलात आला. त्याप्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अटकेतील व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळू शकतो. अधिनियम अंमलात येण्यापूर्वीच, जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांच्या संपानंतर, गिरणगावातील हजारो कामगारांचे काम सुटले होते. रखवालदारी वा फेरीवाल्याचा धंदा पत्करलेल्या माणसास औद्योगिक कामगार म्हणून ही सवलत मागणे अवघड झाले. अन्य कोणत्याही वर्गात न बसल्यास त्याला उत्पन्नाचा पुरावा घेऊनच अर्ज करावा लागतो.