मिठाच्या मणावर अडीच रुपये

आम्ही निडीच्या बचत गटांतल्या बायका बैठकीत आधी वही उघडतो. शिल्लक नेहमीपेक्षा जास्त दिसली की कुणीतरी विचारतेच, ही आली कुठून? हाच प्रश्न 26 मार्च 1902 रोजी कलकत्त्याच्या कायदेमंडळात इंग्रज सरकारला विचारला गेला. विचारणारे आपल्या कोकणातले, गुहागरकडच्या कोतळूकचे गोपाळ कृष्ण गोखले.

सरकारची वही तेव्हा सलग चार वर्षं शिलकीची होती. त्यातच 1899-1900 चा भीषण दुष्काळ होऊन गेलेला. लोक उपाशी आणि तिजोरी भरलेली, हे कसं? 1888 साली सरकारने मिठावरचा कर मणाला दोन रुपयांवरून अडीच रुपये केला होता. रुपयाची किंमत घसरली होती, विलायतेला पाठवायच्या रकमेला जास्त रुपये लागत, म्हणून ही वाढ. पुढे रुपया सावरला, ओझं उतरलं, कर मात्र तसाच राहिला. गोखल्यांचं म्हणणं एवढंच की ही शिल्लक काटकसरीची नाही, लोकांकडून गरजेपेक्षा जास्त घेतलेली आहे. आणि मीठ तर गरिबाच्या भाकरीलाही लागतं. आपल्या पेणच्या खाडीकाठच्या मिठागरांतलं मीठसुद्धा या करातून सुटलं नव्हतं.

भाषणाचं कौतुक सगळे करतात. आम्हाला त्यामागच्या आकडेमोडीचं जास्त वाटतं. शाळामास्तरकी केलेले गणेश व्यंकटेश जोशी सरकारचेच छापील अहवाल वाचून गोखल्यांना आकडे काढून देत. त्याच्याही आधी, 1870 साली निघालेल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेने शेतकऱ्यांच्या स्थितीची माहिती गोळा केली होती, 1876-77 च्या दुष्काळाच्या हकिकती सरकारला कळवल्या होत्या.

1903 साली कर दोन रुपये झाला, 1905 ला दीड, 1907 ला एक. सगळं श्रेय एका भाषणाला देता येणार नाही, तिजोरीत पैसा होता म्हणूनही तो उतरला. पण शिल्लक आहे हे सरकारच्याच वहीतून दाखवून दिल्यावर नाही म्हणणं अवघड झालं. त्या सभागृहात एकही बाई नव्हती. मीठ मात्र बायकाच मोजून वापरत होत्या.

आता केंद्राच्या अर्थसंकल्पात 2005-06 पासून महिलांसाठीच्या तरतुदींचं वेगळं विवरण असतं. पूर्ण महिलांसाठीच्या योजना एका भागात, निदान 30 टक्के वाटा असलेल्या दुसऱ्या भागात. मुंबईची 'समर्थन' संस्था राज्याच्या अर्थसंकल्पाचे आकडे उलगडून आमदारांपर्यंत नेते. आपल्या हाताशी तर ग्रामपंचायत आहे. तिच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी असतात. ग्रामसभेआधी महिलांची सभा असते, तिथे वही-पेन घेऊन जा. मागच्या वर्षी उत्पन्न किती झालं, त्याचे 10 टक्के किती आणि ते कशावर खर्च झाले, हे विचारा. आकडा तोंडी सांगितला तर लिहून घ्या, आणि तिथेच मोठ्याने वाचून दाखवा.