भिलाचं शेत

परवा नातीशी बोलताना २०१८ सालच्या मोर्चांचा विषय निघाला. तेव्हा ती मुंबईत कॉलेजात होती. त्या वर्षी मार्चमध्ये किसान सभेचा मोर्चा नाशिकहून मुंबईला चालत गेला. त्यात वनजमिनीचे पट्टे मागणारे आदिवासी खूप होते. दहावीच्या मुलांची परीक्षा होती, म्हणून ही माणसं शेवटचा टप्पा रात्रीतून चालली. मुंबईकरांनी पाणी दिलं, खाऊ दिला, काहींनी चपला दिल्या. मग नोव्हेंबरमध्ये लोकसंघर्ष मोर्चाचे आदिवासी ठाण्याहून आझाद मैदानापर्यंत चालले. त्यात आपल्या खानदेशातले पुष्कळ होते. आमची नात मैत्रिणींना घेऊन पाणी वाटायला गेली होती. रात्री तिचा फोन आला, "आजी, तुमच्याकडची माणसं होती गं!"

मी शाबास म्हटलं. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. का, ते आज सांगते.

माझं आजोळ शहादा तालुक्यातलं. तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यात होतं, नंदुरबार वेगळा झाला तो १९९८ साली. आजोबांची तापीकाठची काळी जमीन. त्यातल्या एका तुकड्याला घरात सगळे 'भिलाचं शेत' म्हणायचे. जसं आंब्याचं शेत, विहिरीचं शेत, तसंच हे. त्याच शेतावर राबणारा आमचा सालदारही भिल्लच होता. या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहाव्यात, असं मला वीस वर्षांची होईपर्यंत सुचलं नाही.

१९७१ च्या मे महिन्यात मी सुट्टीला तिथेच होते. २ मे रोजी पाटीलवाडीला धान्य मागायला गेलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला आणि एकाचा जीव गेला. बातमी गावोगाव पसरली. आजी म्हणाली, "दार लाई ले." आम्ही कडी लावून बसलो. भीती कुणाची, तर ज्यांच्यातला माणूस मेला त्यांची! आणि आमचा सालदार त्या दिवशीही नेहमीसारखा बैलांना पाणी पाजत होता.

त्या घटनेनंतर अंबरसिंग सुरतवंती हे नाव सगळीकडे ऐकू येऊ लागलं. ते स्वतः भिल्ल, भजनी मंडळींमधून पुढे आलेले, सर्वोदयाच्या कामात असलेले. लोक त्यांना अंबरसिंग महाराज म्हणत. ३० जानेवारी १९७२ ला शहाद्यात भूमुक्ती मेळावा भरला. त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. कुमार शिराळकर, विजय कान्हेरे अशी शहरातली शिकलेली मुलं येऊन वस्तीवर राहू लागली. वाहरू सोनवणे हे भिल्ल कवीही याच चळवळीतले. गेलेल्या जमिनी परत द्या, मजुरी नीट द्या, सालदाराला माणसासारखं वागवा, या मागण्या. बायकांनी पुढे होऊन दारूची मडकी फोडली. अंबरसिंग १९७४ मध्ये गेले.

म्हणजे पाठिंबा द्यायला लांबून माणसं आली. आम्ही एका बांधावर राहणारे मात्र "बाहेरचे येऊन यांना चिथवतात" म्हणत राहिलो. धुळ्याला कॉलेजात मीही तेच म्हटलं. मैत्रिणींपुढे, अगदी ठासून.

मग कायदा आला. आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा १९७४ चा कायदा नोव्हेंबर १९७५ पासून लागू झाला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर आदिवासींकडे गेलेल्या जमिनींसाठी तो होता. मामांनी ट्रंकेतले जुने कागद काढले. आजोबांचा व्यवहार १९५१ सालचा, माझ्या जन्मवर्षाचा. सावकारी कर्जापोटी शेत लिहून घेतलेलं. कायद्याच्या तारखेच्या सहा वर्षं आधीचा! मामांनी कपाळाला हात लावून देवाचे आभार मानले. मामींनी शिरा केला. मीही खाल्ला.

पुढे वर्गात भिल्ल, पावरा, तडवी मुलं बसायची. त्यांना मी खाज्या नाईकाचं बंड शिकवलं, १८५८ ची अंबापाणीची लढाई शिकवली. मुलं कान देऊन ऐकत. १८५८ बद्दल बोलायला मला कधी अडचण आली नाही. १९५१ बद्दल मात्र मी अवाक्षर काढलं नाही.

नातीने पाणी दिलं ते मनापासून दिलं, तिचं कौतुकच आहे. चालून पाय सुजलेल्या माणसाला पाण्याची किंमत विचारा. पण मुंबईच्या रस्त्यावर पाणी देणाऱ्याच्या सातबाऱ्याला त्या मोर्चाने धक्का लागत नव्हता. आपल्या बांधाला लागून राहणाऱ्याला पाठिंबा देणं अवघड. तिथे आपल्याला काही सोडावं लागतं.

ते शेत आता मामेभावांच्या नावावर आहे. केळी असते तिथे. त्यांच्यापैकी काहीजण हे वाचतील आणि रागावतील, हेही माहीत आहे. रागवा बाबांनो, पण एकदा विचार करा. चार पिढ्या झाल्या, कागदावर नाव आपलं आहे, तरी आपल्याच घरात त्याला अजून 'भिलाचं शेत' म्हणतात.

नातीला हे सगळं परवा फोनवर सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आजी, त्या सालदाराचं नाव काय होतं?"

मला आठवलं नाही. आम्ही त्याला सालदारच म्हणायचो.