लायसनवरचा सोनेरी चौकोन

सातारा जिल्ह्यात कराडच्या उत्तरेस, तारळी नदी कृष्णेला मिळते तेथे उंब्रज हे गाव आहे. पुणे-बंगळूर महामार्ग गावाला लागून जातो. चाफळकडे आणि मसूरकडे जाणारे रस्तेही येथूनच निघतात. उसाचे ट्रॅक्टर, दुधाच्या गाड्या, वडाप, परप्रांतातले ट्रक आणि कॉलेजला निघालेल्या मुलांच्या मोटारसायकली अशी सर्व तऱ्हेची वाहतूक या रस्त्यांवर दिसते. यांतील प्रत्येक चालकाजवळ लायसन, म्हणजे सरकारी भाषेत अनुज्ञप्ती, असणे कायद्याने बंधनकारक आहे. उंब्रजकरांना ती कराडच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयातून मिळते. या कार्यालयाचा संकेतांक एमएच ५०. साताऱ्याचा ११, तर सांगलीचा १०.

गेल्या पंचवीस वर्षांत देशात दिल्या गेलेल्या अनेक लायसनांवर नखाएवढा एक सोनेरी चौकोन आढळतो. हीच ती ‘चिप’, अशी आपली समजूत असते. तो कशासाठी बसवला, असे विचारले तर बहुतेकांना सांगता येत नाही. खुद्द लायसन तपासणारेही त्या चौकोनाकडे क्वचितच पाहतात. असे का झाले, हे समजून घ्यायचे तर चिपच्या आधीच्या काळापासून सुरुवात करावी लागेल.

कागदाचा काळ

मोटार जन्माला आली आणि परवान्याचा प्रश्न लगेच उभा राहिला. १८८८ साली कार्ल बेंझ यांना आपली गाडी रस्त्यावर आणण्यासाठी जर्मनीतील बाडेन संस्थानाची लेखी परवानगी घ्यावी लागली. १८९३ साली पॅरिसच्या पोलिसांनी चालकांना परीक्षा देण्याची सक्ती केली. इंग्लंडमध्ये मात्र १९०३ च्या कायद्याने लायसन आले, पण परीक्षा आली नाही! फी भरली की लायसन मिळे. सक्तीची परीक्षा तेथे १९३५ साली सुरू झाली. ‘हा माणूस कोण’ हे सांगणारा कागद आणि ‘याला गाडी चालवता येते’ हे सांगणारा कागद, अशी लायसनाची दोन कामे आहेत. ती मुळात निराळी आहेत, हे यावरून ध्यानात येते.

आपल्याकडे ब्रिटिश हिंदुस्थानासाठी १९१४ साली मोटार वाहन कायदा झाला. लायसनाची सक्ती आणि अठरा वर्षांची वयोमर्यादा त्यात होती. सातारा जिल्हा ब्रिटिश अमलाखाली होता, पण औंध, फलटण, सांगली ही शेजारची संस्थाने होती आणि ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा संस्थानांना आपोआप लागू होत नसे. पुढे १९३९ साली नवा कायदा आला. त्याच्या जागी १९८८ चा कायदा आला आणि तो १ जुलै १९८९ पासून अमलात आला. आजही, अनेक दुरुस्त्यांसह, तोच चालू आहे.

जुने लायसन म्हणजे एक छोटी पुस्तिका असे. आत छायाचित्र, त्यावर शिक्का, खाली अधिकाऱ्याची सही. चालकाने गुन्हा केला तर त्याची नोंदही त्याच पुस्तिकेत होई. साधी, स्वस्त आणि कोणालाही वाचता येणारी अशी ही व्यवस्था होती. पण तिला एक मोठी मर्यादा होती. साताऱ्याची पुस्तिका नागपुरात कोणी दाखवली, तर तेथील अधिकाऱ्याने शिक्का खरा की खोटा हे कसे ओळखावे? साताऱ्याला पत्र पाठवावे, तेथील नोंदवही कोणी तरी चाळावी आणि उत्तर यावे, एवढाच मार्ग होता. १९८८ च्या कायद्याप्रमाणे एका माणसाला एका वेळी दोन पक्की लायसने बाळगता येत नाहीत. पण दोन कार्यालयांच्या दोन नोंदवह्या एकमेकींशी बोलत नसतील, तर हे उघडकीस कसे यावे? पुस्तिकेच्या जागी प्लास्टिकचे कार्ड आल्यावर छपाई सुबक झाली. अडचण मात्र तीच राहिली.

चिपचा जन्म

प्लास्टिकच्या कार्डात इलेक्ट्रॉनिक मंडल बसवण्याची कल्पना १९६० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत हेल्मुट ग्रोट्रुप आणि युर्गेन डेथलोफ यांनी मांडली. यांतील ग्रोट्रुप हे महायुद्धकाळात व्ही-२ अग्निबाणावर काम केलेले अभियंते. १९७४ साली फ्रान्समध्ये रोलाँ मोरेनो यांनी स्मृती असलेल्या कार्डाचे एकस्व घेतले. काही वर्षांतच मिशेल युगों यांनी कार्डात स्मृतीबरोबर मायक्रोप्रोसेसरही बसवला. १९८३ पासून फ्रान्समधल्या सार्वजनिक टेलिफोनसाठी चिपची कार्डे वापरात आली. लायसनासाठी चिपचा पहिला वापर १९९५ साली अर्जेंटिनातील मेन्दोसा प्रांतात झाला. तेथे अपघात फार होत आणि दंडाची वसुली होत नसे. म्हणून चालकाचे गुन्हे आणि थकलेला दंड यांच्या नोंदी कार्डातच ठेवण्यात आल्या. भारतात १९९९ साली गुजरातने या कामी पुढाकार घेतला.

आता तो चौकोन नीट पाहू. सोनेरी दिसतो तो भाग म्हणजे चिप नव्हेच. ते केवळ विजेच्या जोडणीचे पत्रे आहेत. खरी चिप त्यांच्या मागे दडलेली, तांदळाच्या दोन-तीन दाण्यांत मावेल एवढी असते. बारीक रेघांनी पत्र्यांचे भाग पाडलेले दिसतात. एका भागातून वीजपुरवठा होतो, एक भाग शून्य विभवाचा. एकातून घड्याळाचे ठोके मिळतात, एकातून नव्याने सुरुवात करण्याची आज्ञा येते आणि एकातून माहितीची ये-जा होते. कार्डात बॅटरी नसते. कार्ड यंत्रात सरकवले की यंत्राकडून वीज मिळते आणि हा इवलासा संगणक जागा होतो.

संगणक हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला आहे. कॅसेटवरील गाणे कोणीही ऐकावे आणि पुसावे. चिपचे तसे नसते. कोणी काय वाचावे आणि कोणी काय लिहावे, हे आतला मायक्रोप्रोसेसर ठरवतो. समोरचा खरा की खोटा, हे तो कसे ओळखतो? वर्गात हा खेळ करून पाहता येईल. शिक्षक आणि एक विद्यार्थी यांनी ७ हा आकडा गुपचूप ठरवावा. शिक्षकाने कोणतीही संख्या सांगावी. विद्यार्थ्याने तिला ७ ने गुणून, ३१ ने भागून, बाकी सांगावी. १२ म्हटले की उत्तर २२. २० म्हटले की उत्तर १६. दर वेळी प्रश्न नवा असल्यामुळे कालचे उत्तर चोरून आज उपयोग नाही. शिवाय ७ हा आकडा कोणीच मोठ्याने उच्चारलेला नाही! वर्गातील हुशार मुले तो लवकरच शोधून काढतील. पण चिपमधील गुप्त संख्या तीसहून अधिक अंकी असते आणि गणितही पुष्कळ गुंतागुंतीचे. कार्डाची छायाप्रत काढता येते, पण या गुप्त संख्येची काढता येत नाही. साताऱ्याच्या लायसनाची खातरजमा नागपुरात, पत्र न पाठवता, जागच्या जागी व्हावी ही सोय चिपने दिली होती.

एक देश, एक भाषा

मात्र प्रत्येक राज्याने आपापल्या ठेकेदाराकडून आपापल्या पद्धतीचे कार्ड घेतले असते, तर एका राज्याचे कार्ड दुसऱ्या राज्यातल्या यंत्राला वाचता आले नसते. हे टाळण्यासाठी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र आणि कानपूरची आयआयटी यांनी मिळून वाहतूक खात्याच्या कार्डांसाठी एक समान प्रणाली आखली. तिचे नाव ‘स्कोस्टा’. कानपूरचे प्राध्यापक रजत मूना यांचा या कामात मोठा वाटा होता. तिची विनिर्देशने खुली ठेवल्यामुळे कोणत्याही उत्पादकाला तशी कार्डे बनवणे शक्य झाले. २००२ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन स्मार्ट कार्डाची व्याख्या आली. हे काम आपल्या देशातल्या अभियंत्यांनी केले, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगण्यासारखे आहे.

वाचणारा कोठे आहे?

एवढे होऊनही रस्त्यावर काय घडले? चिप बोलते ती यंत्राशी, माणसाशी नव्हे. ती वाचायची तर नाक्यावरच्या प्रत्येक पोलिसाच्या हाती वाचक यंत्र हवे, ते चार्ज केलेले हवे आणि पावसापाण्यात टिकायला हवे. कार्डे भराभर वाटली गेली. यंत्रे मात्र त्या मानाने फारच कमी पोचली. मग अधिकारी कार्डावरचे छापील नाव, छायाचित्र आणि तारीख पाहत. म्हणजे काम पूर्वीच्याच पद्धतीने चाले, चौकोन नुसताच चमकत राही. २०२१ साली दिल्ली सरकारने चिपऐवजी क्यूआर संकेताची कार्डे देण्याचे जाहीर केले, तेव्हा चिप वाचण्यातील अडचणी आणि यंत्रांचा तुटवडा हीच कारणे पुढे आली.

दरम्यान पत्र पाठवण्याची जुनी अडचणच नाहीशी होत चालली होती. ‘सारथी’ या संगणक प्रणालीने देशभरच्या कार्यालयांच्या नोंदवह्या एकत्र जोडल्या. २०१८ च्या नियमदुरुस्तीने मोबाइलवरचे, डिजिलॉकरमधले लायसनही ग्राह्य ठरवले. १ ऑक्टोबर २०१९ पासून देशभर एकाच मांडणीचे, क्यूआर संकेत असलेले कार्ड ठरले. क्यूआर संकेत साध्या मोबाइलने वाचता येतो, हे त्याचे बळ. तो झेरॉक्सवरही तसाच उमटतो, ही त्याची उणीव. त्यामुळे खातरजमा अखेर मध्यवर्ती नोंदीवरूनच करावी लागते. डोंगरातल्या रस्त्यावर मोबाइलला रेंज नसेल, तर ती नोंद दिसणार कशी? चिपला अशा जागी रेंजची गरज नव्हती. चिपला वाचक नव्हता, क्यूआरला जाळे लागते. कोणतेही तंत्र निवडले तरी त्याचे दुसरे टोक कोणी तरी सांभाळावेच लागते.

कार्ड काय सांगत नाही

आज उंब्रजमधल्या अठरा वर्षांच्या मुलामुलींना अर्ज ‘सारथी’वर भरता येतो. महाराष्ट्रात जून २०२१ पासून आधारच्या साहाय्याने शिकाऊ लायसनाची परीक्षा घरबसल्याही देता येते. शिकाऊ लायसन सहा महिने चालते. ते मिळाल्यावर तीस दिवसांनी पक्क्या लायसनाची चाचणी देता येते, आणि तेथे गाडी प्रत्यक्ष चालवून दाखवावी लागते. कराडची फेरी एका वेळेने कमी झाली, हा मोठाच फायदा आहे. परंतु घरच्या संगणकासमोर परीक्षा नेमकी कोणी दिली, याची जबाबदारी आता पुष्कळशी त्या घरावर येऊन पडली आहे.

२०२२ या एका वर्षात भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. कार्ड खरे आहे, एवढेच कोणतीही चिप सांगू शकेल. गतिरोधकाआधी वेग कमी करण्याची सवय चालकाला आहे का, हे तिला सांगता येणार नाही. इंग्लंडने १९०३ ते १९३५ अशी बत्तीस वर्षे परीक्षेविना लायसने दिली. दुसऱ्याकडून उत्तरे भरून घेणारा विद्यार्थी आपल्यापुरती तीच व्यवस्था परत आणत असतो. आपल्या वर्गात सोळा-सतरा वर्षांची मुले असतात. त्यांना ५० घन सेंटीमीटरपर्यंतचेच दुचाकी वाहन, तेही लायसन काढून, चालवता येते. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकाला किंवा वाहनमालकाला पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तसेच त्या मुलाला पंचवीस वर्षे वयापर्यंत लायसन मिळत नाही. हे त्यांना आधीच ठाऊक असलेले बरे.

शाळेसाठी उपक्रम

घरच्या मोठ्या माणसाच्या परवानगीने लायसन हाती घ्यावे. त्याची लांबी-रुंदी मोजावी. ती ८५.६० मि.मी. आणि ५३.९८ मि.मी. यांच्या अगदी जवळ येईल. हे माप आंतरराष्ट्रीय मानकाने ठरवले आहे, म्हणूनच बँकेचे कार्डही तेवढेच असते. मग क्रमांक पाहावा. आधी राज्याची दोन अक्षरे, मग कार्यालयाचे दोन अंक, मग वर्षाचे चार आणि शेवटी सात अंक. एका कार्यालयाला एका वर्षात जास्तीत जास्त किती लायसने देता येतील, हे मुलांना काढू द्यावे. आजोबांच्या पेटीत जुनी पुस्तिका सापडली, तर दोन्ही शेजारी ठेवून कोणती नोंद कोठे गेली याचा तक्ता करावा. मात्र लायसनाचे छायाचित्र काढून ते कोणालाही पाठवू नये. त्यावरची माहिती खाजगी आहे, हाही या धड्याचाच एक भाग समजावा.