उजव्या छातीवरची पदकं : अँझॅक दिन आणि घरची माणसं

ऑस्ट्रेलियातल्या कुठल्याही शहरात २५ एप्रिलच्या सकाळी रस्त्याच्या कडेला उभं राहिलं की एक गोष्ट लगेच नजरेत भरते. संचलनात चालणाऱ्या काहींच्या कोटावर पदकं डावीकडे असतात, काहींच्या उजवीकडे. डावीकडे असतील तर ती त्या माणसाने स्वतः मिळवलेली. उजवीकडे असतील तर घरातल्या दुसऱ्या कुणाची तरी. आजोबांची, पणजोबांची, क्वचित परिचारिका म्हणून आघाडीवर गेलेल्या पणजीची. शाळकरी पोरंसुद्धा अशी पदकं लावून चालतात. एरवी दुसऱ्याचं पदक आपलं म्हणून मिरवणं तिथे गुन्हा आहे. वारसांना मात्र कायद्यानेच मुभा आहे, फक्त 'हे मी मिळवलं' असा आव आणायचा नाही.

आज आम्ही बोलणार आहोत ते या उजव्या बाजूविषयी. राष्ट्राच्या स्मरणदिनात घरच्या माणसांना जागा कशी मिळाली, किती उशिरा मिळाली, आणि कोणाला ती मिळालीच नाही. हा शेवटचा मुद्दा आपल्या साताऱ्या-रत्नागिरीपर्यंत येऊन पोचतो, म्हणून थोडा धीर धरा.

पार्श्वभूमी बहुतेकांना ठाऊक असेल, तेव्हा पटकन उरकतो. २५ एप्रिल १९१५ च्या पहाटे ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या फौजा तुर्कस्तानच्या गॅलिपोली द्वीपकल्पावर उतरल्या. अँझॅक ही त्या संयुक्त फौजेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं. आठ महिने दरडींना चिकटून राहिल्यावर डिसेंबरात त्यांना तिथून काढून घेतलं. मोहीम साफ फसली. ऑस्ट्रेलियाचे आठ हजारांहून अधिक मेले, न्यूझीलंडचे सुमारे २७००, आणि तुर्कांचे याच्या कितीतरी पट. पराभवाचा दिवस एखाद्या देशाने आपला सर्वांत मोठा दिवस करावा, याचं आपल्याला नवल वाटायला नको. संक्रांत कोसळणे हा वाक्प्रचार आपण पानिपताशी जोडूनच सांगतो. पहिलं वर्षश्राद्ध झालं ते १९१६ साली, युद्ध ऐन भरात असताना. लंडनमध्ये संचलन निघालं, ऑस्ट्रेलियात सभा झाल्या, आणि नवी भरती व्हावी हाही त्या सभांचा एक उद्देश होता. तेवढं लक्षात ठेवलेलं बरं.

आता मुख्य गोष्ट. ऑस्ट्रेलियातून परदेशी लढायला गेलेली ती सेना सगळी स्वखुशीने भरती झालेल्यांची. सक्तीची भरती करावी का, यावर १९१६ आणि १९१७ मध्ये दोनदा सार्वमत झालं आणि लोकांनी दोन्ही वेळा नाही म्हटलं. पन्नास लाखांहून कमी वस्तीच्या देशातून चार लाखांवर माणसं आपणहून गेली. साठ हजारांहून अधिक परतली नाहीत. म्हणून तिथल्या गावोगावच्या स्मारकांवर एक वेगळी पद्धत दिसते. कितीतरी ठिकाणी नुसती मेलेल्यांची नव्हे, जिवंत परतलेल्यांचीही नावं कोरलेली आहेत. गेला होता, एवढं पुरे. याची दुसरी बाजू अशी, की ज्या घरातून कोणी गेलं नाही त्या घराचं नाव दगडावर नाही, आणि हे सगळ्या गावाला रोज येता-जाता दिसायचं. गावकीचं दडपण म्हणजे काय, हे आपल्याला सांगायला नको.

आणि मेलेल्यांचे देह? ते आलेच नाहीत. जो जिथे पडला तिथेच त्याला पुरायचं, कोणाचाही देह घरी आणायचा नाही, हा सगळ्या ब्रिटिश साम्राज्यासाठी नियम होता. आई-बापांना कबर पाहायला जायचं तर बोटीचे कित्येक आठवडे, आणि खर्च तर सामान्य घराला झेपणाराच नाही. कबरीच्या दगडावर तळाला घरच्यांची म्हणून एक ओळ घालता येई : मोकळ्या जागा धरून ६६ अक्षरं, दर अक्षराला साडेतीन पेनी. न्यूझीलंड सरकारने तीही सोय नाकारली. पैसेवाल्याच्या मुलाला ओळ आणि गरिबाच्या मुलाला कोरा दगड असं व्हायला नको, सगळे सारखे, हे त्यांचं म्हणणं. तत्त्व म्हणून चूक नाही. पण आयांना कोणी विचारलं नव्हतं.

इथे जरा थांबू या, कारण कचेरी आणि घर यांची खरी गाठ इथे पडते. मेलेल्या प्रत्येक सैनिकामागे घरी बशीएवढी ब्राँझची एक चकती यायची. तिच्यावर नाव असे, हुद्दा मुद्दाम नसे. लोक तिला 'मेलेल्याचा पैसा' म्हणत. चकती आणि पदकं कोणाला द्यायची, याचा क्रम ठरलेला होता. आधी विधवा, मग थोरला मुलगा, मग थोरली मुलगी, मग वडील, आणि त्यानंतर आई. मेलेली पोरं बहुतेक बिनलग्नाची, म्हणजे प्रश्न उरायचा तो आई आणि बाप यांचाच. मेलबर्नच्या लष्करी नोंदकचेरीतून आईला पत्र जायचं, की तुमच्याहून जवळचं रक्ताचं कोणी आहे का, मुलाचे वडील हयात आहेत का? आता, ज्या घरातून बाप वीस वर्षांपूर्वी निघून गेलेला आणि पोराला आईने एकटीने वाढवलेलं, त्या घरात हे पत्र कसं वाचलं गेलं असेल? त्यांची उत्तरं आजही त्या फायलींत आहेत. काही नम्र, काही कमालीची चिडलेली. आमच्या मते युद्धावरच्या मोठमोठ्या ग्रंथांहून ही पत्रं जास्त सांगतात.

पहाटेच्या प्रार्थनेची गोष्टही अशीच. अँझॅक दिनाला सूर्योदयापूर्वी स्मारकापाशी जमायचं, शांत उभं राहायचं, बिगुल ऐकायचा, हा आज त्या दिवसाचा गाभा आहे. सिडनीत याची सुरुवात कशी झाली? सांगतात ते असं, की १९२७ साली काही माजी सैनिक रात्रीच्या मेजवानीहून परतत होते. अंधारात त्यांना एक म्हातारी बाई स्मारकापाशी फुलं ठेवताना दिसली. ते तिच्याजवळ जाऊन मान खाली घालून उभे राहिले, आणि पुढच्या वर्षापासून रीतसर पहाटसभा सुरू झाली. म्हणजे बघा, प्रथेच्या मुळाशी एकटी म्हातारी बाई आहे. पण प्रथा रुजली तेव्हा अनेक ठिकाणी ती फक्त परतलेल्या सैनिकांपुरती ठेवली गेली. पुढची कित्येक वर्षं हा दिवस पुरुषांचा राहिला. सकाळी संचलन, दुपारी जुन्या सोबत्यांबरोबर दारू आणि नाण्यांचा जुगार. बायकापोरं कडेला उभी राहून बघायची.

घरातल्या घरात याचे तडे दिसायला लागले ते १९६० च्या सुमाराला. ॲलन सिमूर यांचं 'द वन डे ऑफ द इयर' हे नाटक यावरच आहे. अँझॅक दिनी पिऊन येणारा बाप आणि त्या दिवसाचा तिटकारा करणारा कॉलेजातला मुलगा. ॲडलेड महोत्सवाने १९६० साली ते नाटक नाकारलं. नंतर व्हिएतनाम युद्ध आलं, गर्दी रोडावली, आणि जुने सैनिक मेले की हा दिवसही संपणार असं पुष्कळांना वाटलं.

झालं उलटंच. १९८१ साली पीटर विअर यांचा गॅलिपोलीवरचा चित्रपट आला, १९९० मध्ये पंतप्रधान बॉब हॉक यांच्याबरोबर हयात असलेले काही वृद्ध सैनिक पुन्हा त्या किनाऱ्यावर गेले, आणि गर्दी वाढायला लागली. गॅलिपोलीत लढलेल्यांपैकी शेवटचे हयात सैनिक ॲलेक कॅम्बेल. सोळाव्या वर्षी वय वाढवून सांगून भरती झालेले आणि पुढे कामगार चळवळीत आयुष्य घालवलेले. मे २००२ मध्ये, १०३ व्या वर्षी, ते गेले. आता डावीकडच्या पदकांना माणूस उरला नाही. मग चालणार कोण?

माजी सैनिकांच्या संघटनांत यावर बरीच खडाजंगी झाली. एक बाजू म्हणे, ज्यांनी गोळी झेलली नाही त्यांनी संचलनात कशाला यायचं? लहान मुलं, नातवंडं, बाबागाड्या, ही काय जत्रा आहे? दुसरी बाजू म्हणे, मग रिकामे रस्ते हवेत का? तोडगे गावागणिक वेगळे निघाले. कुठे एका सैनिकामागे एकच वारस, कुठे वारसांनी शेवटी चालायचं, कुठे पलटणीच्या निशाणामागे सगळ्यांनी. २०१५ च्या शताब्दीला गॅलिपोलीच्या सभेसाठी जागा मोजक्या होत्या, म्हणून सोडत काढावी लागली, आणि तिच्यात थेट वंशजांसाठी वेगळ्या जागा राखल्या होत्या. स्मरणालाही वारसाहक्क लागू झाला म्हणायचा.

या लाटेवर टीका करणारेही आहेत. मॅरिलिन लेक, हेन्री रेनॉल्ड्स अशा इतिहासकारांनी २०१० साली पुस्तक लिहून सांगितलं, की घरगुती हळव्या आठवणींच्या आडून सगळ्या देशाचा इतिहास लष्करी होत चालला आहे. हे आम्हाला अर्धं पटतं. अर्धंच, कारण घरची माणसं सरकारी कथा मुकाट्याने गिळतात असं दिसत नाही. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या जवळजवळ पावणेचार लाख फायली संगणकावर खुल्या केल्या. पणतू घरी बसून पणजोबांची फाईल उघडतो. त्यात काय असतं? जखमांच्या नोंदी असतात, तशा गैरहजेरीच्या, कोर्टमार्शलच्या, गुप्तरोगाच्या इलाजाच्याही असतात. घरात तीन पिढ्या चालत आलेली शौर्यकथा कधीकधी एका ओळीत कोसळते. तरीही माणसं ते पदक उजवीकडे लावून चालतात. देवमाणूस नव्हता, आपला माणूस होता.

मूलनिवासींच्या बाबतीत तर फायलींनी इतिहासच बदलला. युरोपीय वंशाचा नसलेल्याला भरती करायचं नाही असा नियम होता. तो चुकवून गेलेल्यांची संख्या आज हजाराच्या वर मोजली गेली आहे. परतलेल्या सैनिकांना सरकार जमिनी देत होतं, पण यांच्यातल्या बहुतेकांना ती मिळाली नाही. २००७ पासून सिडनीच्या रेडफर्न भागात त्यांच्या घरच्यांनी अँझॅक दिनी आपलं वेगळं संचलन सुरू केलं. कागदावर नाव सापडलं म्हणून ते चालू शकले.

आणि इथेच आम्हाला आपल्याकडे वळायचं आहे. २५ एप्रिलला अँझॅक फौजांबरोबर त्याच किनाऱ्यावर हिंदुस्थानातल्या दोन डोंगरी तोफखान्याच्या तुकड्या उतरल्या होत्या, कोहाट आणि जेकब्ज. पुढे शीख, गुरखे, खेचरवाले मिळून सुमारे १५ हजार हिंदी माणसं त्या मोहिमेत होती. आपले मराठे तिथे नव्हते, पण त्याच तुर्कांशी ते मेसोपोटेमियात लढत होते. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी पुणे डिव्हिजनबरोबर कुत-अल-अमाराला वेढ्यात अडकल्या. घोडे-खेचरं मारून खायची वेळ आली, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली. लंडनमधल्या त्या पहिल्या अँझॅक संचलनानंतर चारच दिवसांनी! कैदेत वाळवंटातून चालवत नेलेले किती वाटेतच पडले. आपल्याकडे खेड्यांत बसऱ्याच्या लढाईचं नाव निघतं ते याच मोहिमेचं.

या मोहिमेतल्या, कबर न सापडलेल्या चाळीस हजारांवर माणसांसाठी बसऱ्याला स्मारक उभं केलं. त्यावर गोऱ्या सैनिकांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांची कोरली, आणि साध्या हिंदी शिपायांचा पलटणीखाली नुसता आकडा घातला. कबरींची व्यवस्था पाहणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाने या भेदभावाबद्दल २०२१ मध्ये जाहीर माफी मागितली. दिल्लीच्या इंडिया गेटवर असतील नावं, असं पुष्कळांना वाटतं. तिथली १३ हजारांवर नावं मुख्यतः वायव्य सरहद्द आणि अफगाण युद्धातल्या मृतांची आहेत. गावच्या चावडीवर किंवा शाळेच्या भिंतीत सरकारने बसवलेल्या संगमरवरी पाट्या तर तुम्ही पाहिल्याच असतील. या गावातून इतके जण महायुद्धाला गेले, त्यातले इतके मेले. पुन्हा आकडाच. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याचे ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले, हे आपण अभिमानाने सांगतो. पण त्यातली चार नावं सांगा म्हटलं, तर आपल्यापैकी किती जण सांगू शकतील?

आमच्याकडे युद्धातल्या माणसांची आठवण ठेवत नाहीत, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. आम्हाला ती अन्यायाची वाटते. ऑस्ट्रेलियातल्या पणतूला नाव, नंबर, फाईल, कबरीचा रकाना हातात मिळाला, मग तो चालायला लागला. आपल्या घराला मिळाला आकडा, आणि फार तर थोड्या वर्षांची पेन्शन. पंजाबच्या तीन लाखांवर सैनिकांच्या नोंदवह्या लाहोरच्या संग्रहालयात पडून होत्या. त्यांचं काम सुरू झालं आणि इंग्लंडमधल्या पंजाबी घरांना आपल्या गावांची पानं सापडली. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, कुलाबा इथल्या पलटणवाल्यांसाठी असं कोणी बसून करायला हवं.

तोवर एक सांगतो. घरातल्या जुन्या ट्रंकेत पहिल्या महायुद्धाचं चांदीचं पदक असेल, एका बाजूला राजाचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला घोड्यावरचा उघडा पुरुष, तर ते उजेडात आडवं धरा आणि त्याची कड बघा. तिथे बारीक रोमन अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. नाव साहेबाच्या कानाने लिहिलेलं, त्यामुळे दोन-तीनदा मोठ्याने वाचावं लागतं. चांदीची म्हणून यातली कितीतरी पदकं सोनाराकडे वितळली. जी उरली आहेत, त्यांची कड आधी वाचून कागदावर उतरवून ठेवा.