हँडल फिरवून सोडवलेलं मज्जातंतूचं गणित

मंडळी, मेंदू आणि संगणक हे शब्द एकत्र आले की लोक लगेच भविष्यात जातात. मी इतिहासाचा मास्तर, मला मागे जायची खोड. आणि मागे गेलं तर तिथे संगणक नाहीच, हँडल फिरवून गुणाकार करायचं एक यंत्र आहे!

साल १९३९. इंग्लंडच्या किनाऱ्यावरचं प्लिमथ. अ‍ॅलन हॉजकिन २५ वर्षांचा, अँड्र्यू हक्सली २१ चा. स्क्विड म्हणजे आपल्याकडच्या माकुलाचा भाऊबंद. त्याचा एक मज्जातंतू चांगला अर्धा ते एक मिलिमीटर जाड असतो. या दोघांनी त्यात बारीक तार सरकवून आतून जाणारा विजेचा ठोका मोजला. तेवढ्यात महायुद्ध सुरू झालं. एक रडारवर गेला, दुसरा तोफांच्या गणितावर. ऐन उमेदीची वर्षं गेली. असो.

युद्धानंतर पुन्हा तोच स्क्विड. तंतूवरचा विद्युतदाब हवा तिथे धरून ठेवायचा आणि सोडियम किती आत येतं, पोटॅशियम किती बाहेर जातं ते वेगवेगळं मोजायचं. या आकड्यांवरून त्यांनी समीकरणं मांडली. कल्पना अशी, की तंतूच्या आवरणात इवलीशी दारं आहेत आणि दाब बदलला की ती उघडतात-मिटतात. दार कुणी पाहिलेलं नव्हतं, बरं का!

आता या समीकरणांतून तो ठोका आपोआप निघतो का, हे पाहायचं होतं. १९५१ मध्ये केंब्रिजचा संगणक दुरुस्ती-सुधारणेसाठी कित्येक महिने बंद. मग हक्सली ब्रुन्स्विगा नावाचं हातयंत्र घेऊन बसला. एका पायरीचं उत्तर पुढच्या पायरीत घालायचं, पुन्हा हँडल... तंतूवरून धावणाऱ्या एका ठोक्याच्या हिशेबाला सुमारे तीन आठवडे लागले. उत्तर आलं, वेग सेकंदाला १८.८ मीटर. प्रत्यक्ष स्क्विडमध्ये मोजलेला होता २१.२. लॉगच्या कोष्टकांवर वाढलेल्या माझ्यासारख्याला इथे हात जोडावेसे वाटतात.

पण मला त्याहून मोठी वाटते ती १९५२ च्या लेखातली कबुली. उत्तर जुळलं म्हणून आमची यंत्रणेची कल्पना खरी ठरत नाही, असं त्यांनी स्वतःच बजावलं. १९६३ ला नोबेल मिळालं. एकेका दारातला प्रवाह मोजला गेला तो १९७६ मध्ये, नेहर आणि साकमान यांच्याकडून.

आमच्या ताईला लहानपणी फिट्स येत. कांदा हुंगवा, चप्पल नाकाला लावा, हे सगळं घरातल्यांना आठवत असेल. शेवटी फेनिटॉइनच्या गोळ्यांनी गुण आला. हे औषध फिट्सवर १९३८ पासून माहीत होतं, पण ते सोडियमची तीच दारं अडवतं, हे कळलं बऱ्याच नंतर. आधी दारांची कल्पना नसती तर ते कळायला वाटच नव्हती.

पुढे महत्त्वाकांक्षा वाढल्या. युरोपने २०१३ ते २०२३ मोठा मेंदू-प्रकल्प चालवला. नकाशे, साधनं पुष्कळ मिळाली, संगणकात अख्खा मानवी मेंदू काही उभा राहिला नाही. २०२४ मध्ये फळमाशीच्या मेंदूचा पूर्ण नकाशा आला, सुमारे १ लाख ४० हजार पेशींचा. आपल्या मेंदूत त्या ८६०० कोटींच्या आसपास. आणि संगणकात मज्जापेशी बारकाईने उभी करायची झाली, की आजही बहुतेकदा १९५२ चीच समीकरणं घेतात. फरक इतकाच, की हँडल कुणाला फिरवावं लागत नाही.