रेनवॉटर म्हणजे काय? अर्थ, उच्चार आणि योग्य वापर

सोसायटीच्या सूचनाफलकावर, घराच्या नकाशात, पाण्याच्या टाकीवर किंवा शाळेच्या पुस्तकात ‘रेनवॉटर’ हा इंग्रजी शब्द आपल्याला हमखास भेटतो. शब्द सोपा वाटतो, पण ‘रेन’, ‘रेनफॉल’, ‘रेनवॉटर’ आणि ‘स्टॉर्मवॉटर’ यांची बरेचदा गल्लत होते. ही गल्लत वहीत झाली तर एखादा गुण जातो. इमारतीच्या नळजोडणीत झाली तर बोअरचे पाणी खराब होऊ शकते. म्हणून हा शब्द नीट समजून घेऊ.

रेनवॉटरचा मराठी अर्थ

रेनवॉटर म्हणजे पावसाचे पाणी. सरकारी आणि तांत्रिक मराठीत यालाच ‘पर्जन्यजल’ किंवा ‘वर्षाजल’ म्हणतात. आकाशातून पडत असतो तो पाऊस, म्हणजे रेन. तोच पाऊस छतावर, अंगणात, पिंपात किंवा टाकीत आला की ते रेनवॉटर. जमिनीत मुरलेले, विहिरीत किंवा नदीत मिसळलेले पाणी मुळात पावसाचेच असले तरी त्याला सहसा रेनवॉटर म्हणत नाहीत; त्याला भूजल, विहिरीचे पाणी, नदीचे पाणी अशी वेगळी नावे आहेत.

उच्चार आणि शब्दाची घडण

उच्चार ‘रेनवॉटर’. ‘रेन’ म्हणजे पाऊस आणि ‘वॉटर’ म्हणजे पाणी, असे दोन शब्द जोडून हा सामासिक शब्द झाला आहे. इंग्रजीत तो सलग, एकच शब्द म्हणून लिहितात. जर्मन भाषेत याच घडणीचा ‘रेगनवासर’ असा शब्द आहे. आपला ‘पर्जन्यजल’ही तसाच जोडशब्द.

व्याकरण

रेनवॉटर हे नाम आहे आणि ते मोजता न येणारे नाम आहे. त्यामुळे ‘अ रेनवॉटर’ किंवा ‘टू रेनवॉटर्स’ असे म्हणत नाहीत. प्रमाण सांगायचे असेल तर ‘अ बकेट ऑफ रेनवॉटर’ (एक बादली पावसाचे पाणी) किंवा ‘सम रेनवॉटर’ (थोडे पावसाचे पाणी) असे म्हणावे.

सारखे वाटणारे शब्द

- रेन: पडणारा पाऊस. ‘जोरदार पाऊस’ म्हणजे ‘हेवी रेन’. ‘हेवी रेनवॉटर’ हा प्रयोग चुकीचा आहे.
- रेनफॉल: पावसाचे मोजमाप, म्हणजे पर्जन्यमान. हे मिलिमीटरमध्ये सांगतात. २६ जुलै २००५ च्या महापुरावेळी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. हा आकडा रेनफॉलचा.
- स्टॉर्मवॉटर: रस्ते आणि मोकळ्या जागांवरून वाहत जाणारे पावसाचे पाणी. ते वाहून नेणाऱ्या गटाराला मुंबई महापालिका ‘पर्जन्यजल वाहिनी’ म्हणते. बोलताना आपण ‘पावसाळी गटार’ म्हणतो.
- पडल: जमिनीवर साचलेले डबके.
- सीवेज: मैलापाणी. याचा रेनवॉटरशी काहीही संबंध येता कामा नये.

वाक्यात उपयोग

१. वी स्टोअर रेनवॉटर इन अ टँक. – आम्ही पावसाचे पाणी टाकीत साठवतो.
२. रेनवॉटर इज लीकिंग थ्रू द रूफ. – छतातून पावसाचे पाणी गळत आहे.
३. शी वॉटर्स द प्लांट्स विथ रेनवॉटर. – ती झाडांना पावसाचे पाणी घालते.

रेनवॉटर हार्वेस्टिंग

या शब्दाचा सर्वाधिक वापर याच जोडीत होतो. मराठीत याला ‘पर्जन्यजल संधारण’ किंवा साधेपणाने ‘पावसाचे पाणी साठवणे व जिरवणे’ म्हणतात. तमिळनाडूने २००३ मध्ये सर्व इमारतींना ही व्यवस्था सक्तीची केली आणि त्यानंतर हा शब्द देशभर जास्त परिचित झाला.

कल्पना मात्र आपल्याकडे जुनी आहे. मुंबईजवळच्या कान्हेरी लेण्यांत खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत आणि तिथल्या ब्राह्मी शिलालेखांत अशा टाक्यांसाठी ‘पोढी’ हा शब्द आला आहे. सह्याद्रीतल्या किल्ल्यांवरची टाकीही पावसाच्याच पाण्याने भरतात. कौलारू घरांच्या पागोळ्यांखाली हंडे, घमेली मांडणे किंवा पन्हळीचे पाणी पिंपात सोडणे हाही याचाच घरगुती प्रकार.

हिशेब सोपा आहे: १ चौरस मीटर छतावर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी मिळते. १०० चौरस मीटरचे छत आणि वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस धरला तर ७०,००० लिटर होतात. बाष्पीभवन, गळती वगैरे वजा करून ८० टक्के हाती लागले तरी ५६,००० लिटर, म्हणजे १०,००० लिटरचे साडेपाच टँकर.

कुठे काळजी घ्यावी?

इमारतीच्या नकाशात ‘रेनवॉटर पाइप’ लिहिलेला असतो तो फक्त छतावरचे पाणी खाली आणण्यासाठी. बाल्कनीतल्या वॉशिंग मशिनचे किंवा बेसिनचे पाणी ‘जवळच आहे’ म्हणून त्यात सोडले आणि तो पाइप पुढे बोअरच्या पुनर्भरणाला जोडलेला असला, तर साबणाचे पाणी थेट सगळ्यांच्या पाण्यात उतरते. नळ बसवणाऱ्याला काम सांगण्यापूर्वी नकाशातला हा शब्द एकदा बघून घ्या.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

रेनवॉटर पिता येते का?
थेट पिऊ नये. पावसाच्या पाण्यात क्षार फार कमी असतात, म्हणून त्यात साबणाला चांगला फेस येतो. पण छतावरची धूळ, पक्ष्यांची विष्ठा आणि पालापाचोळा त्यात मिसळतो. म्हणून पहिल्या पावसाचे पाणी सोडून द्यावे, पुढचे गाळून घ्यावे आणि प्यायचे असल्यास उकळून किंवा निर्जंतुक करूनच वापरावे. टाकीवर ‘नॉन-पोटेबल’ लिहिले असेल तर त्याचा अर्थ ‘पिण्यास अयोग्य’ असा होतो.

रेनवॉटर शुद्ध असते तर ते आम्लधर्मी कसे?
हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळल्यामुळे स्वच्छ हवेतल्या पावसाचा सामूही साधारण ५.६ असतो. हे सौम्य आम्ल नैसर्गिक आहे. प्रदूषणामुळे सामू याहून बराच खाली गेला तर त्याला आम्लवर्षा म्हणतात.

रेनवॉटरला मराठीत सर्वांत चांगला शब्द कोणता?
बोलताना ‘पावसाचे पाणी’, अर्जात किंवा अहवालात ‘पर्जन्यजल’. सूचनाफलक सगळ्यांनी वाचायचा असतो, तिथे ‘पावसाचे पाणी’ असेच लिहावे. म्हणजे चूक होण्याचा प्रश्नच उरत नाही.