बंधाऱ्याचा धनी कोण?

मंडळी, धरण फुटले म्हणजे आपल्याला धरणांची आठवण होते. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटले, 2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे फुटले. मी मात्र आज न फुटलेल्यांबद्दल बोलणार आहे. आमच्या साक्री तालुक्यात पांझरेवर जुने दगडी बंधारे आहेत. त्यांच्यावरची फड बागायत तीनशे-चारशे वर्षांची मानली जाते.  पाण्याखाली ज्यांची जमीन, ते सगळे धनी.

पानशेत आणि तिवरे ही मातीची धरणे. मातीच्या भिंतीवरून पाणी वाहू लागले की ती धुपते आणि तासाभरात होत्याचे नव्हते होते. आमचा बंधारा बुटका, खडकावर चुन्यात बसवलेला. पूर अंगावरून जाऊ द्यायचा, हाच त्याचा धर्म. पण अमर तोही नाही. सांध्यातला चुना निघतो, पायथ्याशी पाणी खड्डा पाडते, पोटात गाळ साचतो, फटीत उंबर उगवतो. रोप कोवळे असताना हाताने उपटते. दोन पावसाळे गेले की पहार लागते आणि मुळाबरोबर दगडही निघतो.

म्हणून फडात पाण्याइतकाच डागडुजीचा हिशेब असे. हंगामाआधी ज्याची जेवढी जमीन तेवढे त्याचे श्रम: पाट उपसायचा, बंधारा सांधायचा. पाटकरी पाणी फिरवी, जागल्या पीक राखी, हवालदार दोघांवर नजर ठेवी, आणि त्यांची मजुरी धान्यात मिळे. एका फडात एकच पीक, दरवर्षी फेरपालट. या शिस्तीचे आपल्याकडे पुरेसे कौतुक झाले नाही, असे मला वाटते.

इंजिनिअर मंडळींना या खोऱ्याचे धडे नवे नाहीत. 1884 मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागलेल्या तरुण विश्वेश्वरय्यांना सुरुवातीच्या कामातच दातर्तीला, पांझरेच्या पाटासाठी, नाळेचा सायफन घालावा लागला. ऐन पावसाळ्यात पुराने काम अडवले, तरी त्यांनी ते तडीस नेले.

पुढे वरच्या अंगाला लाटीपाडा, मालनगाव अशी धरणे झाली, विहिरींवर विजेचे पंप बसले. ज्याच्या विहिरीला पाणी, तो सामाईक पाट उपसायला कशाला येईल? राग धरण्यात अर्थ नाही, पण बंधाऱ्याला त्याने काय झाले ते उघड आहे.

सरकारचा आधारही बेताचाच. 2021 चा धरण सुरक्षा कायदा पंधरा मीटरहून उंच धरणांना लागू होतो, दहा ते पंधरा मीटरच्या धरणांना काही अटींवर. आमचे बंधारे त्यात बसतच नाहीत. पावसाळ्याआधी कुणी अधिकारी येऊन भिंत पाहील, अशी वाट पाहू नये. 2005 च्या कायद्याने राज्यात पाणीवापर संस्थांना मान्यता दिली आहे. अशी संस्था असेल तिथे तिच्या वहीत पाणीपट्टीशेजारी बंधाऱ्याच्या खर्चाचा एक रकाना आखावा, आणि मे महिन्यात, नदी कोरडी असताना, चार माणसांनी पायथा चालून पाहावा.